मुद्देमालात आलेली देवी

ती घटना मला अजून स्वप्नात दिसते, आणि स्वप्नातसुद्धा मी गणवेशातच असतो. कमरेला पट्टा आवळलेला, पायांत पट्ट्या, आणि समोर धुक्यातून एक चांदीचा चेहरा नदीच्या पाण्यावरून हळूहळू पुढं चाललेला. जाग आली की बायको विचारते, "पुन्हा नदीवर गेला होता वाटतं?" मी हो म्हणतो, ती चहा टाकायला उठते. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, एकदा माझ्यावर कोयताही उगारला गेला. त्यातलं काही स्वप्नात येत नाही. येतं ते हेच. म्हणून आता एकदा लिहूनच काढतो. नावं मात्र कुणाचीच घालणार नाही, कारण त्या माणसांची मुलंबाळं अजून त्याच खोऱ्यात नांदताहेत.

तेव्हा भोरचं संस्थान होतं आणि मी वेल्ह्याच्या ठाण्यात फौजदार होतो. ठाणं म्हणजे दोन कौलारू खोल्या, एक कोठडी आणि पुढं ओटा. सकाळी हजेरी घ्यायची, गस्तीवर कोण आणि समन्स घेऊन कोण जाणार याची वाटणी करायची, आणि मग तोरण्यावर ढग चढतात-उतरतात ते बघत फिर्यादीची वाट पाहायची. खोऱ्यातली माणसं मुलखाची गरीब. भांडणं व्हायची ती बांधाची, म्हशीची, फार झालं तर फणसाची. माझा हवालदार जुना माणूस, अंगानं दणकट. गुन्हेगार तळपायातून बोलतो, असा त्याचा ठाम समज होता, आणि काठी नेहमी तेल पाजून तयार ठेवलेली असे. मी म्हणायचो, "हवालदार, ही काठी तुमच्या सुनेपेक्षा जास्त नटते." तो काही हसायचा नाही.

त्या वर्षी माघात चोरी झाली. वेल्ह्याकडच्या गावांचा शेतसारा चांदीच्या बंद्या रुपयांत गोळा व्हायचा. जाड कापडाच्या पिशवीत भरून, तोंडाला दोरी आवळून, दोरीवर लाखेची मोहर उठवून तो भोरच्या खजिन्यात जायचा. पिशवी वाहायला एक शिपाई आणि सोबतीला एक बंदूकवाला, असा रिवाज. त्या दिवशी बंदूकवाला तापानं फणफणलेला. हप्ता थांबवायची सोय नव्हती, म्हणून शिपाई एकटाच निघाला. दुपारी तो ओलाचिंब होऊन ठाण्यावर परत आला आणि ओट्याच्या पायरीवरच बसला.

त्याचा जबाब मी स्वतः घेतला. "विंझरच्या खाली नदीच्या उताराला पान्यात शिरलो जी. धुकं लई व्हतं. गुडघाभर पान्यात गेलो आन मागनं डोसक्यावर घोंगडी पडली. कोळशाचा वास आला. मंग पडलो. उठलो तर पिशवी न्हाई. पट्टा बी न्हाई." पिशवीची दोरी त्यानं खबरदारी म्हणून आपल्या पट्ट्यात गुंतवली होती, त्यामुळं पितळी बिल्ल्यासकट पट्टाही गेला होता.

कुणाचाच विश्वास बसला नाही. अंगावर ओरखडा नाही. त्यातून बिचाऱ्यानं आदल्या महिन्यात घर शाकारायला पगाराची उचल मागितली होती. लोकांनी दोन्ही गोष्टी जोडल्या आणि निकाल देऊन टाकला. मला तो खरं बोलतोय असं वाटत होतं, पण वाटण्याला कोर्टात किंमत नसते. वरून हुकूम आला आणि मी त्याला अटक केली. आसपासच्या कोळशाच्या भट्ट्या मी झाडून तपासल्या. भट्टीवरची माणसं घाटाखालची, मुकाट काम करणारी. कुणाकडं काही सापडलं नाही.

शिपाई आमच्याच कोठडीत राहिला. पावसाआधीची तारीख लागली होती. तोवर पिशवी मिळाली नाही तर शिक्षा ठरल्यातच जमा होती. त्याची बायको पोटुशी होती. बाजाराच्या दिवशी ती भाकरी घेऊन यायची, गजाशी बसायची, आणि हा गडी भिंतीकडं तोंड करून जेवायचा. बायकोशी बोलतानासुद्धा त्याची मान वर होत नसे. एकदा ती मला म्हणाली, "सायेब, त्यास्नी शिक्षा झाली तर हुईल. पर पोरगं जल्माला आलं की त्याला चोराचं म्हनतील." मी तिला सावलीत बसायला सांगितलं.

वैशाख लागला. खोऱ्यात राब भाजायचे दिवस. भाताच्या रोपांसाठी जमीन भाजायला शेतकरी पालापाचोळा पेटवतात, आणि सगळं खोरं दिवसच्या दिवस निळ्या धुरात बुडून राहतं. समोरचा डोंगर आहे की नाही असं वाटायला लागतं. अशाच एका दुपारी ठाण्याच्या ओट्यावर बांगड्यांची पाटी उतरली. भोरच्या मुसलमान घरातली ही बाई खोऱ्यातल्या गावोगाव हिंडून बांगड्या भरायची. सगळे तिला चाची म्हणत.

"फौजदारसायेब, म्या बांगड्या भरते, चुगल्या करत न्हाई," तिनं आधीच बजावलं. "पर मनाला चैन पडंना म्हून आले."

मी तिला पाणी दिलं.

"ह्या कोठडीतल्याची बायको. सातवा सरला तिचा. हिरव्या बांगड्या घिऊन गेल्ते मी. म्हनलं, पैसं नगं, तशीच भरते. हात म्होरं करंना. म्हनली, धनी सुटून येऊ द्या, त्याबिगर न्हाई." चाचीनं पदरानं तोंड पुसलं. "आन वरच्या गावात गेले तर तितल्या राईतल्या आईला चांदीचं त्वांड बसलंय. येवढं मोठं. सायेब, त्या गावातल्या समद्या बायांचं हात माज्या हातातनं जात्यात. येकीच्या बोटात चांदीचा छल्ला न्हाई. मंग आईला कुटनं आली चांदी?"

दुसऱ्या दिवशी हवालदाराला घेऊन मी गस्तीच्या निमित्तानं निघालो. गाव कानंदी नदीच्या खोऱ्यात पार वरच्या अंगाला. करवंदांच्या जाळ्यांतून चढण, वर आग ओकणारं ऊन, आणि खाली धूरच धूर. गावाच्या अलीकडं ती राई लागली. देवीच्या नावानं राखलेलं रान. त्यातली काडीसुद्धा कुणी उचलत नाही. आत पाऊल टाकलं आणि अंगावरचं ऊन एकदम निघून गेलं. खाली पानांचा इतका जाड थर की आमची पावलं आम्हालाच ऐकू येईनात. वेली वरून लोंबत होत्या आणि कुठंतरी एक पाखरू झोपेत बोलल्यासारखं बोलत होतं. हवालदार माझ्या अगदी जवळून चालायला लागला. एरवी तो दोन हात पुढं असतो.

मधोमध चार दगडांचं उघडं देऊळ होतं. तिथं देवीची पूजा करणारी एक म्हातारी बसली होती. गाव तिला आत्या म्हणे. आम्हाला बघून ती दचकली नाही. "या, फौजदार. पायताणं भाईर काढा," एवढंच म्हणाली. बूट आणि पट्ट्या सोडायला मला वेळ लागला. तोवर ती आणि देवी दोघी माझ्याकडं बघत होत्या.

मुखवटा काही फार सुबक नव्हता. एक डोळा दुसऱ्यापेक्षा मोठा, नाक थोडं कललेलं. पण ओठ असे की आता काहीतरी सांगेल. वरच्या पानांतून उन्हाचे कवडसे हलत होते आणि ते चांदीवरून फिरले की चेहरा हसायचा, मग गंभीर व्हायचा. मी किती वेळ बघत उभा होतो कुणास ठाऊक. आत्यानं माझ्यापुढं भंडाऱ्याची पिशवी धरली. "लावा कपाळाला."

मी हात घातला. हळदीत बोटं बुडाली आणि आतल्या कडेला काहीतरी कडक लागलं. पिशवीचं तोंड आत दुमडलं होतं, त्याला दोरीचा तुकडा तसाच शिवलेला होता, आणि त्या दोरीवर लाख. बोटानं चाचपली तर संस्थानच्या मोहरेची अर्धी कड हाताला कळली. आधी भंडारा कपाळाला लावला, मग आत्याला विचारलं, "आत्या, ही पिशवी कुठली?"

"आईची," ती म्हणाली.

तिला तिथंच झाडाखाली बसवून मी चौकशी सुरू केली. हवालदार जबाब लिहायला बसला. आत्यानं काही लपवलं नाही. लपवायचं असतं हेच तिला ठाऊक नव्हतं.

"शिमग्याला आई माज्या सपनात आली," तिनं सुरुवात केली. "म्हनली, समद्या देवास्नी त्वांड हाय, मला न्हाई. मला त्वांड दे."

हवालदाराचा बोरू थांबला. "सायेब, सपान लिहायचं का?"

"लिहा."

"जबाबात?"

"जबाबातच. ती सांगते तसं लिहा."

त्यानं माझ्याकडं असं पाहिलं, की ऊन मला लागलंय असं त्याला वाटलं असावं. पण लिहिलं.

पुढची हकीकत अशी. राईतली काडी कुणी घरी नेत नाही हे खरं, पण चैत्रातल्या जत्रेत देवीचा जो प्रसाद शिजतो, त्याच्या चुलीला राईतलंच लाकूड लागतं. तेही आपणहून पडलेलं. म्हणून शिमग्यानंतर गावकरी आत जातात आणि वाळलेली खोडं ओढून देवळापाशी आणतात. त्या वर्षी एका पोकळ खोडात ही पिशवी निघाली. रुपये पाहून कुणी हरखलं नाही की कुणी वाटणी मागितली नाही. आईनं तोंड मागितलं होतं आणि आईनंच चांदी दिली, यात कुणाला शंका घ्यायला जागाच दिसली नाही. गावोगाव फिरणाऱ्या एका ओताऱ्याला बोलावून राईतच भट्टी लावली आणि मुखवटा ओतून घेतला. ओताऱ्याची मजुरी गावानं नाचणीत दिली. उरलेले रुपये देवीच्या पायाशी पुरले. त्यातल्या एकालाही कुणी हात लावला नव्हता, हे मी पुढं स्वतः उकरून पाहिलं.

"मग ठाण्यावर का नाही सांगितलं?" मी विचारलं.

"राईतलं भाईर न्हेत न्हाईत. मंग त्वांडानं तरी कसं न्ह्यायचं?"

मी तिला म्हटलं, "आत्या, हा संस्थानचा पैसा आहे. खोऱ्यातल्या गावांचा सारा होता. चोरीचा माल आहे हा."

ती म्हणाली, "त्यात आमच्या गावचा बी सारा हाय न्हवं? आमचंच पैसं आमच्या आईला लागलं. मंग चोरी कुटं झाली?"

मी विषय बदलला. जत्रेत काही वेगळं घडलं का, असं विचारलं. आत्याचा चेहरा उजळला.

जत्रेच्या दिवशी गर्दीत एक परका माणूस आला होता. तो आधी राईत हिंडला, मग देवळापुढं आला, आणि नवा मुखवटा बघताच थरथरायला लागला. गुडघ्यांवर पडला, रांगत पुढं गेला आणि दोन्ही हातांनी आईचं तोंड कवटाळून ढसाढसा रडला. सोडवता सुटेना. आता या मुलखात जत्रेला असं कुणी केलं तर त्याचा अर्थ लहान पोरालाही कळतो. त्याच्या अंगात आई आली. लोकांनी त्याच्यावर भंडारा उधळला, गळ्यात माळ घातली, पाया पडले. ज्याच्या अंगात देव येतो त्याला झाड म्हणतात. राईतल्या आईला बरीच वर्षं झाड नव्हतं, ते त्या दिवशी मिळालं. गावानं त्याला खोपट बांधून दिलं. रोज एका घरची भाकरी जायची. दर मंगळवारी लोक गाऱ्हाणी घेऊन येत. तो डोळे मिटून "हुईल, बरं हुईल" एवढंच म्हणे. तेवढ्यावर कुणाचा ताप उतरला, कुणाची हरवलेली म्हैस घरी आली.

मी आणि हवालदार एकमेकांकडं बघायला लागलो.

झाड राईच्या कडेला पत्रावळी लावत बसलं होतं. चाळिशीचा, वाळका माणूस. खाली घोंगडी अंथरलेली. त्याच्या हातांवर कोपरापर्यंत काळे बारीक डाग होते. ठिणग्या उडून पडतात ते डाग, भट्टीवरच्या माणसाला असतात तसले. त्यानं माझा गणवेश पाहिला, माझ्या कपाळावरचा भंडारा पाहिला आणि मान खाली घातली. पळाला मात्र नाही.

हवालदार माझ्या कानाशी आला. "सायेब, काठीला हात लावू का?"

मागं गावचा पोलीस पाटील येऊन उभा राहिला होता. सरळ माणूस, आवाज चढवणारा नव्हे. "फौजदारसायेब," तो म्हणाला, "ह्याला हितनं न्ह्यायचं म्हनलात तर गाव वाटंवर आडवं पडंल. म्या पाटील हाय, पर म्या बी पडंन." तो धमकी देत नव्हता, अडचण सांगत होता. आणि नुसतं धरून न्यायचं तरी कशावर? हातावरचे डाग पुरावा होत नाहीत. पिशवी सापडली म्हणावं, तर ती राईत शिपायानंच लपवली असं कोर्ट म्हणणार. शिपाई सुटायचा असेल तर चोरानं आपल्या तोंडानं बोलायला हवं होतं, आणि त्याचं तोंड तर गावाच्या दृष्टीनं आईचं झालेलं.

मी परत आत्यापाशी गेलो आणि तिला शिपायाच्या बायकोची गोष्ट सांगितली. भिंतीकडं तोंड करून जेवणारा नवरा, हात पुढं न करणारी ती. आत्यानं सगळं ऐकून घेतलं. मुखवट्याकडं बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "त्या लेकीला मंगळवारी घिऊन या. आईम्होरं गाऱ्हानं घालू द्या."

हवालदाराचा पाय मुरगळला असं जाहीर करून मी त्याला गावातच ठेवला. मंगळवारी मी परत आलो तेव्हा तो झाडाबरोबर एका पंगतीला बसून नाचणीची भाकरी खात होता. मला बाजूला घेऊन म्हणाला, "दोनदा मुद्दाम पाठ फिरवली सायेब. पळत न्हाई. रोज सांजच्याला मुखवटा फडक्यानं पुसतो आन बसून ऱ्हातो." जरा थांबून तो पुढं म्हणाला, "माज्या पायाला त्यानंच तेल चोळून दिलं." मुरगळलेला पाय कुठला, हे हवालदार तोवर विसरला होता.

शिपायाची बायको बैलगाडीतून आली, शेजारी चाची. चढणीला गाडी सोडून ती चालत वर आली, चाचीच्या खांद्यावर हात टाकून. सगळं गाव राईत जमलं होतं. दुपार कलली होती, पानांतून येणारं ऊन पिवळं झालं होतं आणि धूर झाडांच्या बुंध्यांशी रेंगाळत होता. झाड देवीशेजारी बसलं होतं, गळ्यात माळ, कपाळभर भंडारा. ती त्याच्यापुढं कशीबशी बसली. तिच्या दोन्ही हातांत एकेकच जुनी बांगडी होती, तीही तडकलेली.

"आई," ती म्हणाली, "माजा धनी नदीत पडला. त्याच्याजवळची साऱ्याची पिशवी गेली. त्यो म्हनतो, चोरानं न्हेली. लोक म्हनत्यात, ह्योच चोर. त्यो खोटं बोलत आसंल तर माज्या हातात कदी चुडा चढू देऊ नगंस. खरं बोलत आसंल तर त्याला मान वर करू दे. माजं पोर येतंय, आई. त्याला बापाचं त्वांड दिसू दे."

झाडानं डोळे मिटले नाहीत. "हुईल, बरं हुईल" म्हणालं नाही. लोक हळूहळू म्हणायला लागले, "बोल आई, बोल." तो तिच्या हातांकडं बघत होता. मग त्यानं मुखवट्याकडं पाहिलं. त्या वेळी वारा नव्हता तरी कवडसे हलले असं मला दिसलं. हवालदारालाही दिसलं, पण पंचनाम्यात आम्ही ते घातलं नाही. त्या माणसानं गळ्यातली माळ काढली, देवीच्या पायाशी ठेवली, आणि बाहीनं कपाळ पुसलं.

"मी आई न्हाई," तो म्हणाला. "चोर हाय. बाये, तुजा धनी खरं बोलतो."

मागून एक जण पुटपुटला, "आई बोलली." त्यानं पुन्हा मोठ्यानं सांगितलं, "आई न्हाई, मी बोलतोय." आणि तो रडायला लागला, जत्रेत रडला होता तसाच असावा. शिपायाच्या बायकोनं जमिनीवर डोकं टेकलं. चाची तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. आत्या उठली, चोराच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "बरं केलंस." मी हवालदाराकडं पाहिलं. दोरखंड त्याच्या काखेत होता, पण तो काढायचं त्याला सुचलं नाही. चोर आपणहून आमच्याबरोबर चालायला लागला, आणि गावातलं कुणी वाटेत आडवं पडलं नाही.

ठाण्यावर त्यानं सगळं सांगितलं. राईतल्या काडीलाही कुणी शिवत नाही एवढं त्यानं ऐकलं होतं, म्हणून पिशवी तिथं ठेवली. जत्रेच्या चुलीचं त्याला कुणी सांगितलं नव्हतं. बोभाटा निवाल्यावर गर्दीतून माल न्यायला आला, तर तो देवीच्या तोंडावर चकाकत होता. शिपायाचा पट्टा त्यानं एका विझलेल्या भट्टीत दगडाखाली पुरला होता. पंचांसमक्ष तो त्यानं स्वतः उकरून काढून दिला, पितळी बिल्ला अजून तसाच होता. कोर्टात उपयोगी पडला तो हा बिल्ला आणि ती पिशवी. न्यायाधीशांनी मला एकच अवघड प्रश्न विचारला, की आरोपी देवळात बोलला तेव्हा तो बोलला की देवी? मी म्हटलं, "साहेब, तो स्वतः सांगतो की तो बोलला. गाव सांगतं देवी बोलली. मी दोन्ही जबाब जोडले आहेत." त्यांनी हसू दाबलं.

मी त्या चोराला एकट्याला विचारलं होतं, "इतके दिवस मुखवट्याशेजारी राहिलास. एकदाही काढून पळावंसं वाटलं नाही?"

"लई डाव वाटलं सायेब. पैल्यांदा तेवढ्यासाटीच ऱ्हायलो. पर सकाळी उटलं की दारात मान्सं. म्हातारीकोतारी पाया पडायची, तापलेली पोरं मांडीवर ठेवायची. मंग त्याच हातानं कसं न्ह्यायचं?"

शिपाई निर्दोष सुटला. त्याच आठवड्यात चाचीनं त्याच्या बायकोला हिरव्या बांगड्या भरल्या. आषाढात मुलगी झाली.

मुखवटा मात्र मुद्देमाल होता. तो खजिन्यात जमा करण्याचा हुकूम झाला. पावसात वर चढता येत नाही असं मी लिहून कळवलं आणि पाटलाकडून ताबेपावती घेऊन तो राईतच राहू दिला. वर चढता येत नाही हे तसं खरंही होतं. मार्गशीर्षात मात्र जावंच लागलं. मुखवटा भोरला कोण नेणार, हे ठरवणं माझ्या हातात होतं. मी त्याच शिपायाला नेमलं.

आत्यानं स्वतःच्या हातांनी मुखवटा उतरवला. खालून शेंदूर फासलेला तांदळा, तो बिनचेहऱ्याचा दगड, पूर्वीसारखा दिसू लागला. मला तिच्याकडं बघवेना. मी म्हटलं, "आत्या, वाईट वाटतंय मला." ती म्हणाली, "वाईट काय त्यात? आईला त्वांड व्हतं, आमी बगितलं. ज्यास्नी बगायचं त्यांनी बगितलं." मग शिपायाच्या हातात मुखवटा देताना म्हणाली, "हळू न्ये, बाबा."

खाली उतरताना गावोगावच्या बायका वाटेवर आल्या. कुणी त्याच्या पायांवर पाणी घातलं, कुणी मुखवट्याला हळदीकुंकू वाहिलं. याच वाटेनं माघात त्याला मी चोरीची जागा दाखवायला दोरीनं बांधून नेला होता आणि याच बायकांनी पदर तोंडाला लावून दारं ओढून घेतली होती. विंझरच्या खाली उताराला त्याची बायको लेकीला कडेवर घेऊन उभी होती. नदीवर धुकं तसंच दाट होतं. शिपाई पाण्यात शिरला, गुडघाभर पाण्यात जाऊन थांबला. ज्या जागी त्याच्या डोक्यावर घोंगडी पडली होती, तीच ती जागा. त्यानं मुखवट्यावरचं फडकं काढलं, दोन्ही हातांनी तो उंच धरला, मान वर केली आणि पलीकडं चालू लागला. धुक्यात तो दिसेनासा झाला. दिसत राहिला तो चेहरा. काठावरून हिरव्या बांगड्यांचा आवाज आला, तिनं लेकीचे हात जोडले असावेत.

पोलिसात राहून माणसं धमकीनं आणि मारानं वळतात, असं मीही बरीच वर्षं धरून चाललो होतो. या प्रकरणानं मला दुसरं दाखवलं. ज्याला लोकांनी चोर ठरवलं, त्याला खरा असूनही मान वर करता येईना. ज्याला लोकांनी देव मानलं, त्या चोराच्यानं पुढं चोरी होईना. शिक्षा भोगून तो परत त्याच गावात गेला आणि राई झाडत राहिला, असं नंतर ऐकलं. त्यानंतर कोणालाही कोठडीत घालताना मी त्याच्याशी अहो-जाहो करून बोलत आलो. हवालदार त्यावर कुरकुरायचा, पण त्याच्या काठीचं तेल हळूहळू वाळत गेलं.

त्या दिवशीच्या ठाण्याच्या रोजनाम्यात माझ्या हातची नोंद आहे: मुद्देमाल भोरला रवाना, बंदोबस्तास फौजदार स्वतः मागे. बंदोबस्त कसला करायचा होता कुणास ठाऊक. उताराला आल्यावर मी बूट काढून हातात घेतले होते, आणि बाकीचे लोक चालले होते तसाच त्या चेहऱ्यामागून पाण्यात उतरलो होतो.